काठावरची तुकडी

लग्न होऊन मी पेडण्याला आले त्याच्या पहिल्याच दुपारी माझं डोकं फिरलं. सासरे जेवून उठले, पण त्यांचं ताट कुणी उचललं नाही. सासूबाईंनी ते आपल्यापुढे ओढलं, त्यातच थोडं हुमण, म्हणजे माशाची आमटी, वाढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसल्या. मी कोल्हापूरकडची. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची पद्धत आमच्याकडेही होती, पण माझ्या आईने ती कधीच मोडीत काढली होती. संध्याकाळी नवरा पणजीहून बसने घरी आला, तेव्हा त्याने पायातल्या चपला काढायच्या आत मी त्याला सांगितलं, "तुझ्या ताटात मी जेवणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"तुका कोणी सांगलां जेवूक?" तो म्हणाला आणि आपलं ताट स्वतः धुऊन मोकळा झाला. त्यामुळे भांडण झालं नाही. मला मात्र त्या पद्धतीचा राग आला तो आलाच.

त्यात माझी नोकरी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतली. कारखान्यात मी माल तपासणीच्या विभागात आहे. डोक्याला टोपी, हातात मोजे, तोंडाला फडकं आणि येता-जाता साबणाने हात धुणं. दिवसभर स्वच्छतेचे नियम पाळून आणि दुसऱ्यांना पाळायला लावून घरी आल्यावर डोळ्यांसमोर ते एकच ताट दोघांच्या तोंडी जाताना दिसलं की मी धुसफुसायची. सासूबाईंना मी आई म्हणते, सासऱ्यांना बाबा. एकदा धीर करून आईंना विचारलं, "तुम्हाला वेगळं ताट घ्यावंसं वाटत नाही?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी त्यांना वेगळं घर घ्यायला सांगितलं होतं.

"कित्याक? ह्या ताटाक काय जालां?" एवढंच म्हणाल्या.

बाई कामाची मात्र वाघीण. आमचं मूळ घर सिंधुदुर्गातलं. बाबा तरुणपणी डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवायला आले, आणि मग इकडचेच झाले. ते आठवडाभर खाणीवर आणि आई इथे एकट्या, हे कित्येक वर्षं चाललं. घराच्या मागे मोरडीची, म्हणजे चढावरची, थोडी जमीन आहे. भात कापून झालं की आई तिथे मिरची लावतात, इकडे हरमलची म्हणून जी ओळखतात ती. रोपं लावण्यापासून मिरची वाळवून म्हापशाच्या बाजारात पोचवण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. मी लग्नाआधी शेतात वाढलेली मुलगी, मला कामाचं कौतुक सहजासहजी वाटत नाही. पण आईंना मिरचीच्या ओळींतून पाणी फिरवताना पाहिलं की मी फाटकाशी उभी राहून बघत राहायची. कुठे घाई नाही, कुठे पाणी वाया नाही. पाण्याला वाट दाखवून पुढे जायच्या, आणि पाणी त्यांच्या मागून यायचं.

बाबांबद्दल काय सांगू? खाणी बंद पडल्या तेव्हा ते घरी आले आणि पुढच्या सोप्यावर बसले, ते अजून तिथेच बसलेले असतात. सोपो म्हणजे इकडच्या घरांच्या दारात दोन्ही बाजूंना असतो तो दगडी बाक. आयुष्यभर टिपरच्या घरघरीत गेल्यामुळे असेल, पण त्यांना बोलायची सवयच नाही. सकाळी पाववाला पोदेर आला की उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचे, पेपर वाचायचा, आणि कुणी विचारलं तर हुंकार भरायचा. त्यांच्या हुंकारांचे प्रकार ओळखायला मला लग्नानंतर बराच काळ लागला.

आईंचं पोट जळायचं. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्या स्वतःच ते ऊन पडल्यासारखं सांगायच्या. "पोट जळता गो आज." मग सोलाचं पाणी प्यायच्या, नाहीतर थंड पेज. कंबर दुखली की दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणून ठेवायच्या आणि शेंगदाणे खावेत तशा खायच्या. माझ्या सांगण्याने त्या गोळ्या बंद झाल्या असं मी म्हणाले तर खोटं होईल. मला त्या घेतात हेच उशिरा कळलं.

मग त्यांचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. चपलेचा पट्टा रुतून लाल वळ उठायचे. म्हापशाच्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि पणजीच्या किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी रजा टाकून बरोबर गेले. नवरा ऑफिसातून थेट तिकडे आला. डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. म्हणाले, "दोन्ही किडन्या बऱ्याच थकल्या आहेत. लघवीतून प्रथिनं जाताहेत. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते टिकवता येईल."

आईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "माका मशीनीर घालतले काय?"

"आज नाही. पण काळजी घेतली नाही तर पुढे डायलिसिस लागू शकतं."

परत येताना बसमध्ये त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. आमच्या वाड्यावरचा एकजण आठवड्यातून अनेकदा डायलिसिसला जातो. सकाळी गाडी येते, दुपारी त्याला आणून सोडते, आणि मग तो दिवसभर खाटेवर पडून असतो. आईंनी त्याला रोज बघितलं होतं. म्हापसा मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "मशीनीर गेलेलो माणूस घरचो ऱ्हवणा नाय गो, इस्पितळाचो जाता. माका थंय नको. तू कायव कर, पण थंय नको." माझा हात धरून त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. मी "नाही जावं लागणार" म्हणाले, आणि म्हणाल्यावर मला माझाच राग आला, कारण ते माझ्या हातात कुठे होतं?

किडनीच्या डॉक्टरांनी मीठ कमी केलं, सुकी मासळी बंद केली, कंबरेच्या गोळ्या तर कायमच्या बंद. शहाळं प्यायचं नाही म्हटल्यावर आई गोंधळल्या, कारण किडनीला शहाळं चांगलं असं आमच्या वाड्यावर प्रत्येकजण छातीठोक सांगतो आणि माडही दारातच आहेत. आमच्याकडून ती चूक झाली होती. पाय सुजल्यापासून बाबा रोज एक शहाळं पाडून घ्यायचे आणि आई ते औषध म्हणून प्यायच्या. डॉक्टर म्हणाले, थकलेल्या किडनीला त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. त्या दिवसापासून बाबांनी शहाळ्याकडे पाहिलं नाही. स्वतःसाठीसुद्धा नाही.

पोटाचं दुखणं किडनीच्या डॉक्टरांनीच विचारून काढलं आणि पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे दुर्बिणीने तपासणी झाली आणि पोटात एक जंतू सापडला. हेलिकोबॅक्टर पायलोरी. नाव माझ्या जिभेवर बसायला दोन दिवस लागले, आईंनी त्याचं लगेच "तो हेलिको" करून टाकलं. डॉक्टरांनी सांगितलं, की हा पोटाच्या अस्तरात वर्षानुवर्षं बसतो. पुष्कळांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना जळजळ, काहींना व्रण. आणि तो पोटात असला की शरीरात मंद आगीसारखी सूज चालू राहते.

मी विचारलं, "किडनी त्यानेच बिघडली का?"

ते हसले. "तसं मी म्हणू शकत नाही. या दोन गोष्टींचा संबंध असावा असं काही संशोधनांत दिसतं, काहींत दिसत नाही. ब्लडप्रेशर आहे, दुखण्याच्या गोळ्या आहेत, कारणं बरीच आहेत. पण हा जंतू काढण्यासारखा आहे. तो काढू, आणि किडनीसाठी जे चाललंय ते चालूच ठेवू. औषधांचा डोस मात्र किडनी बघून ठरवावा लागेल."

मला त्यांचं असं बोलणं आवडलं. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगणारी माणसं मला आवडतात, कारखान्यातही फार भेटत नाहीत. पण मी खरे कान टवकारले ते पुढच्या वाक्याला. हा पसरतो कसा, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "बहुधा लहानपणीच लागतो, घरातल्या घरात. तोंडातून, हातातून, दूषित पाण्यातून. नक्की कुठून ते क्वचितच कळतं." यातलं 'तोंडातून' एवढंच मी ऐकलं.

घरी आले आणि संध्याकाळी फर्मान काढलं. आजपासून वेगळी ताटं. पेडण्याच्या बाजारातून येताना मी आईंसाठी नवं कोरं ताट घेऊनच आले होते, छान खोलगट, उभ्या काठाचं. मला वाटलं होतं त्या विरोध करतील, आणि खरं सांगायचं तर मी त्या भांडणाची तयारी करून बसले होते. आई बाबांकडे बघून म्हणाल्या, "डाक्टर सांगता तर तसा करूया." डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं, सांगत मी होते. पण मी तोंड बंद ठेवलं. बाबांनी नव्या ताटाकडे पाहिलं आणि हुंकार भरला. तो हुंकार माझ्या ओळखीचा नव्हता.

आईंची औषधं सुरू झाली. तोंडाला धातूची चव यायची, मळमळायचं. एक गोळी चुकली नाही. मी कामावर गेल्यावर त्या वेळ कशी पाळतात हे मला कोडं होतं, मग कळलं की त्यांनी गोळ्या बसच्या फेऱ्यांना बांधल्या होत्या. केरीहून सकाळची बस खाली वळणावर हॉर्न वाजवायची ती पहिली गोळी, आणि संध्याकाळी मी ज्या बसने उतरायची ती दुसरी. मी दारात यायची तेव्हा त्या गोळी हातात घेऊन उभ्या असायच्या. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. मी स्वतः साधी खोकल्याची बाटली कधी संपवलेली नाही.

पण जेवणाचं काहीतरी बिनसलं. नव्या ताटात आई एक मूठभर भात घ्यायच्या, वर थोडं हुमण, बस. मासा नाही. आधी मला वाटलं रुसल्या. मग वाटलं गोळ्यांनी भूक गेली असेल. मी वाढायला गेले की ताटावर हात आडवा धरायच्या. "घेतलंय गो, घेतलंय." कुठे घेतलंय? ताटात तर काही दिसायचं नाही. ब्लाउज सैल व्हायला लागले. किडनीच्या डॉक्टरांकडे वजन केलं तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर झाला. "जेवण मोजून खा म्हटलं होतं, सोडा नव्हतं म्हटलं. अशाच खंगत गेल्या तर किडनीही लवकर हात टेकेल. रोज थोडा मासा किंवा अंडं पोटात गेलंच पाहिजे. अर्धी तुकडी, पण रोज."

घरी आल्यावर मी आईंना खूप बोलले. त्या ऐकून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठभर भात.

रविवारी आई मिरचीत गेल्या होत्या आणि मी सोप्यावर बाबांच्या समोर बसून तांदूळ निवडत होते. राग अजून उतरला नव्हता. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही तरी सांगा त्यांना. इतकी वर्षं तुमच्या ताटात व्यवस्थित जेवत होत्या, आता काय झालं?"

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. ते पेपर घडी करतात तेव्हा काहीतरी मोठं असतं.

"ती सोताक वाडून घेणा नाय," ते म्हणाले. "कदीच घेवक नाय."

"म्हणजे?"

मग ते बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या लग्नाच्या वेळी सिंधुदुर्गातलं घर माणसांनी भरलेलं होतं, भाऊ, भावजया, पोरं. वाढायचं काम त्यांच्या आईचं. पुरुष आधी, मग पोरं, शेवटी बायका, आणि बायकांत सगळ्यात शेवटी नवी सून. तोवर हुमण उरायचं, त्यातलं नुस्तं, म्हणजे मासा, उरायचं नाही. "हिका नुस्त्याशिवाय भात जायना नाय. समुद्राकडची ही. पण मागतली कोणाकडे?"

"तुम्ही तुमच्या आईला सांगायचं ना."

"मी सांगलंय आसतंय तर बोलणी तिकाच पडली आसती." मग ते म्हणाले, "पण एक होता. घोवाच्या उष्ट्या ताटाक दुसरो कोण हात लावणा नाय. तां बायलेचाच. म्हणान मी आपली तुकडी काठार सारून दवरूक लागलंय. काटो काढून. आवय इचारी, कित्या रे टाकलंस? मी म्हणा, पोट भरला."

खाणीवरून आठवड्याने घरी यायचे तेव्हाही हेच. सगळ्यांत चांगली मधली तुकडी त्यांना वाढली जायची, आणि ते पोट भरल्याचं नाटक करून ती काठावर ठेवून उठायचे. पुढे इथे पेडण्याला वेगळं घर झालं, त्यांची आई गेली, माणसं पांगली, मासा पुरून उरायला लागला. पण तोवर आईंना स्वतःच्या हाताने तुकडी घ्यायची सवयच राहिली नव्हती. आणि बाबांना अख्खी खायची. रोज दोघांमध्ये तेच. ते उठले की ताटाच्या काठावर तुकडी असायची, आणि कुणी काही बोलायचं नाही.

माझ्या मांडीवरच्या सुपात तांदूळ तसेच पडून राहिले. मी लग्नापासून त्या ताटाला नावं ठेवत होते, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या बाईची मला कीव यायची, आणि ती तिथे भिंतीकडे तोंड करून मधली तुकडी खात होती. जंतूही त्याच ताटातून गेला असेल, नसेल. पण भरल्या घराच्या डोळ्यांदेखत या दोघांनी जे चालवलं होतं ते पाहून मला हसू आलं आणि रडूही आलं. मी बाबांना म्हणाले, "बरे लबाड निघालात." त्यांनी हुंकार भरला. हा मात्र मला कळला.

औषधं संपल्यावर मध्ये काही आठवडे जाऊ दिले आणि श्वासाची तपासणी झाली. काहीतरी प्यायला देतात आणि थोड्या वेळाने एका पिशवीत फुंकायला सांगतात. आईंचा जन्म चूल फुंकण्यात गेलेला. पहिल्याच दमात पिशवी टम्म झाली. तिथली नर्स म्हणाली, "बस, बस, आजी." आई मला म्हणाल्या, "ह्या कसला टेस्ट? ह्या मी रोज करतंय."

पण निकाल चांगला आला नाही. जंतू होता तिथेच होता. डॉक्टर म्हणाले, बहुधा पहिल्या औषधाला त्याने दाद दिली नाही, आता दुसरी देऊ. पण त्याबरोबर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेऊ, म्हणजे शंका नको. घरी आल्यावर मी सोप्यावरच्या बाबांकडे बघत होते. आता सापडतील, असा माझ्या मनात थोडासा दुष्ट आनंदही होता.

बाबांच्यात सापडला. नवऱ्याच्यात नाही. आणि माझ्यात सापडला.

मी, जिने कुणाचं उष्टं कधी खाल्लं नाही, जिची पाण्याची बाटलीसुद्धा वेगळी, तिच्या पोटात तो आरामात बसला होता. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं, नमुना बदलला नाही ना? ते म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, बहुधा लहानपणीच लागतो. तुमचा कोल्हापूरचा असेल." नवऱ्याने हे सगळ्या नातेवाईकांना फोन करून सांगितलं. आई मात्र मला हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी पेज केली आणि बाजूला बसून म्हणाल्या, "गोळ्यो कडू आसत. पण घे. चूक करू नको." मग त्या तिघांच्या गोळ्या बसच्या हॉर्नवर काढून ठेवायला लागल्या.

बाबांचं पोट आयुष्यात दुखलं नव्हतं. मला वाटलं होतं आता वाद घालतील, मला काय झालंय म्हणतील. डॉक्टरांनी फक्त सांगितलं, की तुमच्याकडून त्यांना पुन्हा लागू नये म्हणून. बाबांनी सगळ्या गोळ्या खाल्ल्या. तोंड कडू झालं तरी चहा सोडला नाही, मळमळलं तर सोप्यावर डोळे मिटून बसून राहिले. त्यांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द मी ऐकला नाही, आणि मी स्वतः एवढी कण्हत-कुथत होते, की नवरा घाबरून कोपऱ्यातल्या खोलीत झोपायला गेला.

राहिला जेवणाचा प्रश्न. त्यावर बाबांनी स्वतःच इलाज काढला. एका दुपारी ताट वाढलं तर ते सोप्यावरून उठेनात. आई हाका मारून थकल्या. शेवटी त्यांनी तिथूनच सांगितलं, "पयली तू जेव. तू जेवल्याबगर मी येणंय नाय."

"आवो, काय ह्या? सून बघता."

"बघूंदे."

आई आत-बाहेर करत राहिल्या. भात निवत होता. बाबा भर दुपारी उपाशी सोप्यावर बसलेले, आणि गावातली माणसं रस्त्याने जाताना बघतायत. हे आईंना सोसवलं नाही. त्या नव्या ताटापुढे बसल्या. मी अर्धी तुकडी वाढली, त्यांनी हात आडवा धरला, बाहेरून बाबा खाकरले, आणि हात बाजूला झाला. भिंतीकडे तोंड करायला गेल्या आणि मग तशाच बसून राहिल्या, कारण आता मागे कुणीच जेवत नव्हतं. ती अर्धी तुकडी खायला त्यांना फार वेळ लागला. त्या दिवसापासून आमच्या घरात आई आधी जेवतात. वाड्यावर याची चर्चा झाली. बाबांना कुणी चिडवलं तर ते म्हणतात, "डाक्टरान सांगलां." हेही डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

पुढच्या खेपेला तिघांनीही पिशव्या फुगवल्या. मी आणि आई एकीकडे, बाबा दुसरीकडे. तिघांचेही निकाल स्वच्छ आले. त्याच आठवड्यात किडनीचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवला आणि बराच वेळ बघितलं. आई पदराचं टोक पिळत होत्या. मग ते म्हणाले, "थांबलंय. मागच्या वेळेला होतं तिथेच आहे. लघवीतलं प्रथिनही थोडं कमी झालंय. वजन वाढलंय, हे फार चांगलं."

"जंतू गेला म्हणून?" मी विचारलं.

"असेल. गोळ्या बंद केल्या म्हणून असेल, ब्लडप्रेशर ताब्यात आलं म्हणून असेल, जेवताहेत म्हणूनही असेल. आपण सगळंच चालू ठेवू."

"आणि मशीन?" आईंनी विचारलं.

"सध्या तरी नाही. असंच चाललं तर बरीच वर्षं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. आईंनी हात जोडले, आधी डॉक्टरांना आणि मग भिंतीवरच्या किडनीच्या चित्रालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी रजाच होती. बाबांनी सकाळी केरीहून येणाऱ्या मासेवालीकडून इसवण, म्हणजे सुरमई, घेतला. आईंनी हुमण केलं, मीठ बेताने. दुपारी मी त्यांचं पान मांडलं आणि वाढायला वाकले, तर त्यांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. स्वतः भात घेतला. मग भांड्यात डाव फिरवून शोधून शोधून मधली तुकडी काढली आणि ताटात घेतली. अख्खी.

मी थक्क झाले. अर्धीच ना, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःला तुकडी वाढून घेतली होती, मी कोण बोलणार? मी पाणी ठेवलं आणि दाराशी उभी राहिले. त्या सावकाश जेवल्या, मान खाली घालून, आणि उठून हात धुवायला मागच्या दाराने बाहेर गेल्या.

बाबा सोप्यावरून आत आले. मी आईंचं ताट उचलायला गेले, तेवढ्यात त्यांनी माझ्या हाताला हलकेच थोपवलं आणि त्याच ताटापुढे मांडी घालून बसले.

"बाबा, थांबा, दुसरं आणते."

"ऱ्हवांदी. हेच्यातच वाड."

आई दारात आल्या, हात अजून ओले होते. "आवो, बायलेच्या उष्ट्यात कोण जेवता?"

"जंतू गेलो मां?" बाबा म्हणाले. "मगे?"

मी ताटाकडे पाहिलं. भात संपलेला होता, हुमण निपटलेलं होतं. काठाशी, कोरड्या जागी, तुकडीचा अर्धा भाग नीट सारून ठेवलेला होता, आणि त्यातला काटा काढलेला होता. आईंनी पदराला हात पुसले आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मी भात आणायला आत गेले.